पेव

आमच्या हरिपुरात हळदीची पेवं.
जमिनीच्या पोटात, तोंड एवढंसं,
आत अख्खं बिऱ्हाड मावेल एवढी पोकळी.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा खाली.
कंदील विझला तर माणूस उतरत नाही.
दादा सांगायचे, हात पिवळे, नखं पिवळी,
शर्टाची कॉलर बारा महिने लग्नघरातली.

सातवीच्या उन्हाळ्यात
माझ्या कपाळावर एक फोड आला.
गणपती बसेपर्यंत
पेव फुटलं.

मग सगळी गल्ली वैद्य झाली.
चंपूआत्ती म्हणाली, हळद लाव, आपल्यात काय कमी आहे?
लावली. सायीतून, मग डाळीच्या पिठातून, मग नुसती.
सकाळी शाळेत फोड तसेच,
फक्त पिवळे.
कुणी शेंगदाणे बंद करायला सांगितले, कुणी आंबा.
मगदूमकाकी आईच्या कानाशी,
पोरीच्या मनात काही आहे का बघा.
माझ्या मनात तेव्हा भूमिती होती
आणि भडंग खायची इच्छा.

त्या वर्षी रस्त्यावर मुरूम टाकायला घेतला.
ढिगाऱ्याशेजारून सायकल नेताना भरमू ओरडला,
"एवढा कशाला आणला रं, हिच्याकडं होता की!"
सगळे हसले. मीही हसले.
हसताना गालावरचा एक फुटला,
तो रुमालात घेऊन घरी आले.

दहावीच्या फोटोत स्टुडिओवाल्यानं
बारीक ब्रशनं मला पुसलं.
"साफ केलंय, जादा पैसे नकोत."
परीक्षेला पर्यवेक्षक
एकदा तिच्याकडे बघायचे, एकदा माझ्याकडे.
पुढं आईनं तिलाच मोठी करून
स्थळांना पाठवली.
बघायला आलेल्यांसमोर पोहे घेऊन
जावं लागायचं मला.

आरसा मी तुकड्यातुकड्यानं वापरायला शिकले.
भांग पाडताना फक्त भांग.
टिकली लावताना टिकलीएवढी जागा.

एकदा दादांना डबा द्यायला मार्केट यार्डात गेले.
सौदा चालू होता. व्यापाऱ्यानं ओंजळीतून
एक हळकुंड उचललं, खरबरीत, गाठी गाठी असलेलं,
कटकन मोडलं आणि आतला रंग बघितला.
दादा माझ्याकडं न बघता म्हणाले,
वरून कोण बघतंय.
मला ते तेव्हा पटलं नाही.
माल नंतर पॉलिशच्या पिंपात फिरवतातच की.

मोठ्या पुरात पेवं बसली, बरीचशी.
वरून नुसती जमीन खचलेली दिसते,
इथं एक, तिथं एक,
पावसाचं पाणी थोडा वेळ धरून ठेवणारी.
माझे गालही आता साधारण तसेच.

वाटलं होतं, वयाबरोबर जातं.
पोर झाल्यावर वांग आले,
अडतिसाव्या वर्षी हनुवटीखाली, महिन्याच्या महिन्याला,
दुखणारे, आत मुळं धरलेले.
मिरजेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं.
परवा एकाच सकाळी
एक पांढरा केस आणि एक नवी पुटकुळी.
दोघींनी आपसात ठरवून यावं तशा.

काल मुक्ता न्हाणीघरात कडी लावून बसली.
अर्धा तास. नळ चालू, रडणं नाही.
बारावं लागलंय तिला.
मी हळदीचा डबा काढला
आणि परत फळीवर ठेवला.
दाराबाहेर, ओल्या पायपुसण्याशेजारी
फतकल मारून बसले. म्हटलं, दिवा लावू का आतला?
बऱ्याच वेळानं, "लाव."
बटण बाहेर होतं.

कडी निघाली. कपाळ लाल, बोटांच्या खुणा.
"मोठं झाल्यावर जातात ना गं?"
मी दिव्याखाली सरकले,
हनुवटी वर केली, तिला नीट दिसेल अशी.
ती बघत राहिली. एकदा बोट लावून बघितलं.
"दुखतं?"
"हं."

मग भडंगाचा पुडा फोडला दोघींनी.
"दाणे बाजूला काढू?" ती म्हणाली.
नको, म्हटलं. असू दे.